आईची साखरेची वही

आमच्या फोंड्याच्या घरात देवघराशेजारच्या कपाटात कापडी पाठीची, लांबट अशी एक हिशेबाची वही आहे. बाबांनी ती दुकानाच्या उधारीसाठी आणली होती. त्यांच्या पश्चात तिची निम्मी पाने कोरी राहिली आणि अकरा वर्षांपूर्वी त्या कोऱ्या पानांवर आईने आपल्या रक्तातली साखर लिहायला सुरुवात केली. डावीकडे तारीख, मग उपाशीपोटीचा आकडा, मग जेवणानंतर दोन तासांनी घेतलेला आकडा आणि शेवटी, मूळच्या छापील ‘शेरा’ या रुंद रकान्यात, त्या दिवसाविषयी दोन-चार शब्द. ‘चवथीचे जेवण.’ ‘ताप.’ ‘धाकटा आला.’ ‘रात्री वीज नव्हती, झोप नाही.’ देवळाच्या अग्रशाळेत भरणाऱ्या मराठी शाळेत आई चौथीपर्यंत शिकली. तिचे अक्षर आजही शाळेतल्यासारखे, ओळीवर नीट बसवलेले असते.

गेल्या वर्षी भाच्याने मला मनगटावर बांधायचे स्मार्ट घड्याळ भेट दिले, आणि आमच्या घरात आपल्या शरीराच्या नोंदी ठेवणाऱ्या दोघीजणी झाल्या. आई पेनने वहीत लिहिते. माझी पावले, नाडी आणि झोप यांची नोंद माझ्यावाचूनच होत राहते. या दोन पद्धतींमधला फरक केवळ साधनांचा आहे असे मला आरंभी वाटले होते. वर्षभरानंतर मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते नीट मांडून पाहावे म्हणून हे लिहीत आहे.

हा विषय गोव्यात कोणालाच परका नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत वीस वर्षांवरील लोकांमध्ये मधुमेहाचे प्रमाण देशभरात ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात ते २६.४ टक्के होते, म्हणजे सर्व राज्यांमध्ये सर्वाधिक. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली आरतीला उभ्या राहिलेल्या दर चार मोठ्या माणसांमागे एक, असा त्याचा अर्थ होतो. आमच्या वाड्यावर तर पंगतीत खीर वाढणारा आता वाढण्याआधी विचारून घेतो. ग्लुकोमीटर आणि रक्तदाबाचे यंत्र या वस्तू समई-निरांजनाइतक्याच घरगुती झाल्या आहेत.

माझ्या आजोबांनाही मधुमेह होता. सत्तरच्या दशकात आमच्या मागच्या पडवीत एका फळीवर स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी आणि निळ्या द्रावणाची बाटली ठेवलेली असे. नळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी लाकडी चिमट्यात धरून उकळी आणायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवट झाला तर थोडी. पुढे पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी झाला तर पुष्कळ. ही बेनेडिक्ट चाचणी. लहानपणी आम्ही ती जादू पाहावी तशी पाहत असू. तिची मर्यादा मला फार उशिरा कळली. रक्तातली साखर साधारणपणे डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. शिवाय नळीतला रंग गेल्या काही तासांची गोष्ट सांगतो, या घटकेची नव्हे. आणि साखर धोकादायकरीत्या खाली गेली, तर नळी शांतपणे निळीच राहते. आजोबांना कधीकधी दुपारी दरदरून घाम फुटे, हात थरथरत, आणि आजी ‘अशक्तपणा आला’ म्हणून पेज करून देई. पेज पिऊन त्यांना बरे वाटे. तो अशक्तपणा कसला असावा, हे सांगू शकणारे साधन तेव्हा आमच्या घरात नव्हते.

म्हणून घरी मोजण्याच्या सोयीविषयी बोलताना मी तिच्या दोषांपासून सुरुवात करणार नाही. ही सोय रुग्णाला सहज मिळालेली नाही. रिचर्ड बर्नस्टाइन या अमेरिकी अभियंत्याला वयाच्या बाराव्या वर्षापासून, म्हणजे १९४६ पासून, मधुमेह होता. १९६९ मध्ये त्याने रक्तातली साखर मिनिटाभरात मोजणाऱ्या एका यंत्राची जाहिरात पाहिली. रात्री प्रयोगशाळा बंद असताना, बेशुद्धावस्थेत आणलेला माणूस दारू प्यायलेला आहे की मधुमेही, हे इस्पितळांना कळावे यासाठी ते यंत्र होते. सुमारे दीड किलो वजन, साडेसहाशे डॉलर किंमत, आणि मुख्य म्हणजे रुग्णाला ते विकत मिळत नसे. बर्नस्टाइनची पत्नी डॉक्टर होती, तिच्या नावावर त्याने ते मागवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागला. आपली साखर दिवसभरात केवढे हेलकावे खाते हे त्याने पहिल्यांदा पाहिले, आहार आणि इन्सुलिन त्याप्रमाणे बदलले आणि साखर ताब्यात आणली. हे अनुभव त्याने लिहून पाठवले, तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांनी ते नाकारले. अखेर आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी तो वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि डॉक्टर झाला. आज गावातल्या औषधाच्या दुकानात आम्ही ग्लुकोमीटर मागतो आणि तो लगेच मिळतो, त्यामागे एका रुग्णाचा असा हट्ट आहे.

आमच्या घरात मात्र हे यंत्र आले तेव्हा ते कशासाठी आले आहे याचा विचार कोणीच केला नव्हता. आईला मधुमेह असल्याचे निदान झाले, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्याच संध्याकाळी दादा मीटर घेऊन आला. पहिल्या महिन्यात आम्ही तिची साखर दिवसातून चार-चार, पाच-पाच वेळा तपासली. वहीची त्या महिन्याची पाने आकड्यांनी भरून गेली आहेत. आकडा १९० आला की घरात सगळ्यांचे चेहरे पडत. १३० आला की आई परीक्षेत पास झाल्यासारखे कौतुक होई. पण त्या आकड्यांवरून आम्ही एकही गोष्ट बदलली नाही, कारण बदलण्यासारखे आमच्या हातात काहीच नव्हते. गोळी ठरलेली होती. महिनाअखेर डॉक्टरांनी वही दोन मिनिटे चाळली आणि एचबीए१सी तपासायला सांगितले. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर साखर चढत राहते, म्हणून ही एक तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगून जाते. आईच्या बोटांच्या टोकांवर तोपर्यंत काळे ठिपके उठले होते. भाजी चिरताना मिरचीचा रस त्यांना झोंबे.

या बाबतीत आम्ही एकटे नव्हतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात टाइप २ मधुमेह असलेल्या, पण इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० जणांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी घरी रोज साखर मोजली, काहींनी मुळीच मोजली नाही. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या एचबीए१सीमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हे वाचले तेव्हा मला आईच्या त्या बोटांची आठवण झाली आणि वाईट वाटले.

पण याच गोळ्यांच्या काळात आईने स्वतःच्या मनाने एक गोष्ट केली. तिला सकाळची पेज सोडवत नव्हती, आणि घरातला प्रत्येक जण पेजेविषयी वेगवेगळे सांगत होता. तिने दोन आठवडे प्रयोग केला. एक दिवस उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे, एक दिवस पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, कोंड्याची पोळी आणि मुगाची उसळ, असे आलटून पालटून खायचे. खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजायचे. तिच्यापुरते उत्तर असे आले की पेजेने साखर अधिक वर जाते, पण पेज निम्मी घेऊन सोबत वाटीभर उसळ घेतली तर पोळीइतकीच राहते. उत्तर मिळाल्यावर तिने मोजणे थांबवले. ‘शेरा’ रकान्यात लिहिले आहे, ‘पेज अर्धी, उसळ वाटीभर. ठरले.’ मी आजवर शरीराच्या मोजमापाविषयी जे काही वाचले आहे, त्यात ही ओळ मला सर्वांत शहाणी वाटते. तिच्या मनात एक प्रश्न होता, उत्तरावरून काही बदलता येणार होते, आणि उत्तर मिळाले तेव्हा सुई डबीत परत गेली.

चार वर्षांपूर्वी आईला रात्रीचे इन्सुलिन सुरू झाले आणि मोजण्याचा अर्थच बदलला. आषाढी एकादशीची रात्र होती. तिने उपास केला, दुपारी थोडे वऱ्याचे तांदूळ खाल्ले, रात्री केवळ दूध घेतले आणि इन्सुलिन मात्र नेहमीइतकेच टोचले. पहाटे तीनच्या सुमारास तिने मला हाक मारली. बाहेर धो धो पाऊस, पंखा चालू, आणि तिचे लुगडे घामाने भिजलेले. ‘मला कसेसेच होते आहे गो,’ एवढेच ती म्हणाली. मी मीटर काढला. पाच सेकंदांनी पडद्यावर ५२ आले. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली, हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिले होते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून मी तिला पाजली, पंधरा मिनिटे घड्याळाकडे पाहत बसले आणि पुन्हा मोजले. ७१. आणखी पंधरा मिनिटांनी ९४. मग तिने दोन बिस्किटे खाल्ली आणि ती झोपली. मी मात्र उजाडेपर्यंत तिच्या उशाशी बसून होते, आणि मला राहून राहून आजोबांचा तो दुपारचा ‘अशक्तपणा’ आठवत होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वहीतले ते तीन आकडे पाहिले आणि इन्सुलिनचे प्रमाण कमी केले. उपासाच्या दिवसासाठी वेगळे प्रमाण लिहून दिले. त्या रात्री ते यंत्र घरात नसते, तर काय झाले असते याचा विचार मी करू इच्छित नाही.

रक्तदाबाच्या बाबतीत मला स्वतःला असाच लाभ झाला. दोन वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत माझा रक्तदाब १५८/९६ निघाला. डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी मोजून आणायला सांगितले, आणि कसे मोजायचे हेही समजावले. आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, जिना चढणे नाही. लघवीला जाऊन यायचे. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे निवांत बसायचे, पायावर पाय टाकायचा नाही. दंड छातीच्या पातळीवर, टेबलावर टेकलेला. पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या मापाचा हवा. तो लहान पडला तर आकडा खोटाच वाढतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि मोजताना बोलायचे नाही. पहिला दिवस सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी १२७/७९ आली. घरच्या मोजणीत १३५/८५ ही सीमा मानतात, दवाखान्यातल्या १४०/९० पेक्षा थोडी खालची. माझा रक्तदाब दवाखान्यातल्या खुर्चीतच चढत होता. नको असलेली गोळी माझ्या आयुष्यात आली नाही, ती या सात दिवसांमुळे. दादाचे उलट निघाले. दवाखान्यात त्याचा आकडा सज्जन, आणि घरी, विशेषतः सकाळी, १५० च्या वर. हा छुपा रक्तदाब घरी मोजल्याखेरीज सापडण्याचा संभव थोडा.

आता घड्याळाविषयी. पहिले दोन महिने ते मला आवडले, हे मी कबूल करते. सचिवालयातल्या माझ्या नोकरीत दिवस बसून जातो. मी किती बसते हे घड्याळाने मला दाखवले आणि मी पर्वरीला कदंब बसमधून एक थांबा आधी उतरून चालू लागले. ही जाणीव खरी होती आणि ती मला दुसऱ्या कोणी दिली नसती. घड्याळाने आरंभापासून माझ्यासमोर दहा हजार पावलांचे लक्ष्य ठेवले होते. हा आकडा वैद्यकशास्त्राने शोधून काढला असणार, असे मी धरून चालले होते. तो मुळात आला १९६५ मध्ये, जपानमधल्या यामासा कंपनीने विकायला काढलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी लाभ दिसत नव्हता. अशा अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. आधीच धडधाकट असलेली माणसे अधिक चालतात. तरीही ४,४०० हा आकडा माझ्या आईच्या आवाक्यातला आहे, आणि दहा हजार हा ऐकूनच तिने चालायचे सोडून दिले असते.

पावसाळा आला आणि माझे चालणे घरात आले. जून ते सप्टेंबर फोंड्यात संध्याकाळी बाहेर फिरणे म्हणजे छत्री आणि वाऱ्याशी झुंज. रात्री साडेनऊला घड्याळ आठ हजार दोनशे दाखवत असे आणि मी ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालत असे. आई पानात शीत-हुमण वाढून बसलेली, आणि मी ‘अजून सहाशे’ म्हणत तिच्या समोरून जाते आहे. ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली तेव्हा शेजारच्या वहिनींबरोबर मी बांदिवड्याच्या तळीपर्यंत गेले. आम्ही वर्षानुवर्षे अशा जातो. वहिनी वाटेत थांबतात, कोणाच्या कुंपणावरची जाई पाहतात, कोणाच्या सुनेची विचारपूस करतात. त्या दिवशी त्या थांबल्या की मला राग येत होता, कारण नाडी खाली जात होती आणि घड्याळ त्याला ‘व्यायाम’ म्हणत नव्हते. घरी आल्यावर मला त्या रागाची शरम वाटली. वहिनींना गुडघेदुखी आहे. त्या थांबतात ते गुडघ्यांना विसावा देण्यासाठी, आणि जाईचे निमित्त सांगतात, हे मला वीस वर्षे माहीत होते.

त्या घड्याळाचे सगळे आकडे सारख्या किमतीचे नसतात, हेही मला उशिरा कळले. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली मनगटावरच्या सात उपकरणांची परीक्षा झाली. नाडीचा वेग सातांपैकी सहा उपकरणांनी पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजला. पण खर्च झालेल्या कॅलरी सांगताना सर्वांत बरे उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते, आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. दोन्ही आकडे पडद्यावर सारख्याच ठसठशीत अक्षरांत येतात. वजनाविषयीही असेच. पिट्सबर्ग विद्यापीठाने ४७१ जणांवर दोन वर्षे चालवलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन होते. निम्म्यांना पुढे अंगावर वागवायचे उपकरण दिले. उपकरण असलेल्यांचे वजन सरासरी साडेतीन किलोंनी उतरले, नसलेल्यांचे ५.९ किलोंनी. का, ते निश्चित सांगता येत नाही. मला मात्र माझा स्वतःचा अनुभव आठवतो: पावले पुरी झालेल्या संध्याकाळी मी निर्धास्तपणे दुसरी नेवरी उचलत असे.

झोपेने मला खरा त्रास दिला. घड्याळ रोज सकाळी झोपेला गुण देत असे. मी ताजीतवानी उठावे, फिल्टरची कॉफी करावी, आणि घड्याळात ५८ गुण दिसावेत. त्याबरोबर मला थकवा जाणवू लागे. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर उद्या किती गुण येतील याची चिंता, आणि त्या चिंतेने झोप दूर. झोपेचे टप्पे खरे मोजायचे तर मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवाव्या लागतात, त्यासाठी डोक्याला तारा लावून प्रयोगशाळेत झोपावे लागते; मनगटावरचे यंत्र हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी अशाच रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली, ज्यांना यंत्राच्या आकड्यांनीच झोपेची काळजी जडली होती, आणि त्या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. मी घड्याळ रात्री काढून ठेवू लागले, आणि दोन आठवड्यांत पूर्वीसारखी झोपू लागले. उठल्यावर कसे वाटते, हे आता मी आधी स्वतःला विचारते.

घड्याळाच्या बाजूचे एक बोलले पाहिजे. नाडीचा अनियमित ठोका, ज्यातून पुढे पक्षाघाताचा धोका असतो, तो काही घड्याळे ओळखू शकतात. ॲपल कंपनीच्या अर्थसाहाय्याने झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, चार लाखांहून अधिक लोक सहभागी होते. त्यांतल्या केवळ ०.५२ टक्के लोकांना तशी सूचना मिळाली. त्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून नोंद परत पाठवली, त्यांच्यातल्या सुमारे एकतृतीयांश लोकांत तो दोष त्या वेळी सापडला. ज्याला तो सापडला त्याच्यासाठी ही सूचना अमोल आहे. उरलेल्यांपैकी कित्येकांनी काही दिवस घाबरून काढले असतील. ठोका अधूनमधूनच चुकत असेल, तर पट्टी लावलेल्या दिवसांत तो न सापडणेही शक्य असते, म्हणून ती घाबरगुंडी अकारण होती असेही ठामपणे म्हणता येत नाही.

आणि ही सगळी माहिती जाते कुठे, हाही प्रश्न आहे. आईची वही कपाटात असते आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. माझी नाडी, माझी झोप, मी कोणत्या रस्त्याने कधी चालते हे मी न पाहिलेल्या संगणकांवर साठते आहे. २०१७ च्या अखेरीस स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने जगभरातल्या लोकांच्या धावण्याचे नकाशे एकत्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांत लष्करी तळांवरच्या सैनिकांचे रस्तेही उजळून दिसले होते. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण संमतीचे ते लांबलचक पान मी न वाचताच अंगठा टेकवला होता, आणि मला वाटते बहुतेकांनी तसेच केले असेल.

तरीही, या सर्वांहून जे मला अधिक सलते ते घड्याळाविषयीचे नाही. ते त्या साध्या मीटरविषयीचे आहे, आणि माझ्याविषयीचे.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. मुले सुटीवर आलेली, आणि आई मागच्या पडवीत सासव या आंब्याच्या पदार्थासाठी रायवळ आंबे सोलून पिळत होती. पाटी अर्धी झाली तेव्हा जेवणाआधी मोजायची वेळ झाली म्हणून मी मीटर घेऊन गेले. तिने हात फडक्याला पुसले, मी स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसले, टोचले. ३१२. मी दचकले. पुन्हा स्पिरिट लावून दुसरे बोट टोचले. २९८. दादा आला. मी आईला विचारले, ‘खरे सांग, किती खाल्लेस?’ ती म्हणाली, ‘चाखलासुद्धा नाही.’ दादा आणि मी एकमेकांकडे पाहिले. आमचे ते पाहणे तिने पाहिले.

डॉक्टर रुग्ण तपासत होते. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. इन्सुलिन वाढवायचे का, असे दादाने विचारले. त्यांनी उलट विचारले, ‘हात पाण्याने धुतले होते का?’ फळ सोलल्यावर बोटावर राहिलेला रस त्या एका थेंबात मिसळतो आणि यंत्र रक्ताऐवजी फळाची साखर मोजते. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवून दिले होते, आणि स्पिरिटच्या बोळ्याने ती साखर पुरती जात नाही, नळाचे पाणीच लागते, हेही. आईने नळाखाली साबणाने हात धुतले. १५१. चांगला मीटरसुद्धा शंभराच्या वरच्या आकड्यांत पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतो, हे मानक मला तेव्हाही माहीत होते. आकड्याला चुकण्याची मुभा असते हे मला ठाऊक होते, आणि ती मुभा मी आईच्या शब्दाला दिली नव्हती.

त्या वीस मिनिटांत ती पडवीच्या पायरीवर बसून होती. आंब्याच्या रसाने माखलेले दोन्ही हात तिने मांडीवर उताणे ठेवले होते, दोन बोटांच्या टोकांवर रक्ताचा एकेक थेंब सुकला होता. ती काही बोलली नाही. दुपारी सासव सगळ्यांना वाढले, स्वतः घेतले नाही. मी रात्री तिची क्षमा मागितली, तेव्हा ‘असू दे’ म्हणाली आणि वही मागून घेतली.

त्या दिवसाच्या ओळीत ३१२ आहे, २९८ आहे, १५१ आहे. काहीही खोडलेले नाही. ‘शेरा’ रकाना मात्र त्या एका दिवशी कोरा आहे. दुसऱ्या दिवसापासून आजतागायत प्रत्येक ओळीत, चवथ असो, ताप असो, धाकटा आलेला असो, त्या रकान्यात आधी तिने ओळीवर नीट बसवलेले दोन शब्द असतात, ‘हात धुतले’, आणि मग उरलेल्या जागेत ती आपला दिवस लिहिते.